तात्यांचा ऊस आणि दिल्लीचे पाहुणे

किस्से नेमके साठतात कधी, हे मला अजून कळलेलं नाही. घडत असतात तेव्हा नुसता वैताग असतो. मग बऱ्याच वर्षांनी कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात आम्ही कारखान्याची जुनी माणसं एका पंगतीला बसतो, कुणीतरी म्हणतं, "ते पाकिटांचं आठवतंय का?" आणि पानातला भात गार होतो.

मी स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे शिपाई खामकर यांच्याकडं माझ्यापेक्षा दुप्पट किस्से आहेत, पण त्यातला निम्मा माल घरी तयार केलेला असतो. म्हणून इथं फक्त मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. जे खामकरांचं आहे, तिथं त्यांचं नाव घालते, म्हणजे जबाबदारी त्यांची!

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. नव्वदीचं दशक होतं. माझी आई मिशनच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळं मला इंग्रजी यायचं, टायपिंग यायचं, आणि एवढ्या भांडवलावर मला त्या गार खोलीत बसवलं होतं. आईची शिकवण एकच. होय तर होय, नाही तर नाही, त्याच्यापुढं शेपूट लावायचं नाही. साखर कारखान्यात या शिकवणीचा फार उपयोग होत नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं.

माझं काम सोपं होतं. ज्यानं ऊस आधी लावला, त्याचा ऊस आधी तुटायचा, हा कारखान्याचा नियम. शेतकी खात्याची माणसं लागणीच्या तारखा लिहून आणायची, मी त्या कॉम्प्युटरमध्ये भरायची, आणि त्यातून तोडणीच्या पाळीची यादी निघायची. ती फळ्यावर लागली की सगळा तालुका ती वाचायचा. बोर्डाच्या परीक्षेचा निकालसुद्धा लोक एवढ्या संशयानं वाचत नसतील.

*

काष्टीकडचे एक तात्या होते. सत्तरीला टेकलेले, चार एकर आडसाली म्हणजे दीड वर्षानं तुटणारा ऊस, आणि भावकीच्या एका दाव्यापायी श्रीगोंद्याच्या कोर्टात घालवलेली वीस वर्षं. त्यामुळं त्यांचा कशावरच विश्वास नव्हता.

आमच्या खोलीत चपला बाहेर काढून यायचा नियम होता. तात्यांना तो मान्य नव्हता. चपला बाहेर काढल्या की जातात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते मागच्या बाजूनं यायचे आणि खिडकीच्या काचेवर टकटक करायचे. मी काच सरकवली की गार वारा तोंडावर घेत विचारायचे, "बाई, आज काय म्हनतोय त्यो?"

पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांची लागणीची तारीख वाचून दाखवली. तात्यांनी मान हलवली आणि म्हणाले, त्याला आता बंद करा. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये. बंद केला. पाच मिनिटं आम्ही दोघं त्या काळ्या पडद्याकडं बघत बसलो. मग म्हणाले, आता चालू करा आणि परत विचारा.

मी परत विचारलं. तीच तारीख आली.

तात्यांनी दाढी खाजवली. "साक्षीदार पक्का हाय. पर ह्याचा वकील कोन हाय?"

*

कॉम्प्युटरचा प्रोग्राम बेंगळूरच्या एका कंपनीनं केला होता. तो बसवायला वेंकटेश नावाचा इंजिनियर आला. त्या काळात बेंगळूरचं नाव घेतलं की माणसं जरा सावरून बसायची. पेपरात सारखं यायचं, बेंगळूरची पोरं अमेरिकेचे हिशेब करतात, युरोपचे हिशेब करतात. आमचे शेतकी अधिकारी ढवळे साहेब म्हणाले, अमेरिका सोडून हा इथं का आला? काहीतरी असणार.

वेंकटेशनं पहिल्याच दिवशी कोणत्या संचालकाची किती एकर जमीन आहे ते विचारलं. त्याला फक्त पडद्यावर आकडा किती रुंद बसवायचा ते बघायचं होतं. पण ढवळे साहेबांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की हा शेजारच्या कारखान्याचा हेर आहे, आणि खामकरांना त्याच्यावर नजर ठेवायला सांगितलं.

वेंकटेशचाही आमच्यावर काडीचा विश्वास नव्हता. पाणी स्वतःचं, भात स्वतःचा, आणि प्रोग्रामच्या फ्लॉप्या कुणी पळवू नये म्हणून त्या तो डब्याच्या रिकाम्या कप्प्यात ठेवायचा. खालच्या कप्प्यात दहीभात. खामकरांनी हे दारातून पाहिलं आणि धावत ढवळे साहेबांकडं गेले.

"सायेब, ह्ये लोक त्या चकत्या बी खात्यात!"

जाण्याआधी वेंकटेशनं आम्हाला दोन दिवस शिकवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं एक बटण दाखवलं. म्हणाला, कुणी एखादी नोंद बदलली तरी जुनी नोंद पुसली जात नाही. ती खाली राहते, कुणी बदलली आणि किती वाजता तेही राहतं. हे बटण दाबलं की सगळं वर येतं. फक्त त्याला पासवर्ड लागतो, आणि तो आमच्या कंपनीकडंच राहील. हे ऐकायला ढवळे साहेब हजर होते, पण डुलक्या घेत होते. मी ते वहीत लिहून घेतलं.

*

मग आलं ईमेल. बेंगळूरला काही विचारायचं असलं तर फोनच्या तारेतून पत्र जाणार आणि उत्तरही तसंच येणार. मोडेम किंचाळायला लागला की खामकर खोलीबाहेर जाऊन उभे राहायचे.

पत्र पाठवणं जमलं. अडलं ते उत्तराशी. आमच्या आवक-जावक विभागात एक जुने कारकून होते. मी उत्तराचा कागद छापून त्यांच्याकडं नेला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला आणि विचारलं, पाकीट कुठं आहे? मी म्हटलं, याला पाकीट नसतं. ते म्हणाले, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघितल्याशिवाय मी आवक नंबर देत नाही, पंचवीस वर्षांत दिलेला नाही. आवक नंबर नाही म्हणजे पत्र आलेलंच नाही. पत्र आलेलं नाही म्हणजे त्यावर काही करता येत नाही!

पंधरा दिवस बेंगळूर उत्तरं पाठवत होतं आणि कारखाना उत्तराची वाट बघत होता. शेवटी मी वेंकटेशला सगळं कळवलं. तो हुशार माणूस. पुढच्या आठवड्यापासून बेंगळूरहून दर सोमवारी एक पाकीट यायला लागलं. वर तिकीट, शिक्का, पत्ता, सगळं व्यवस्थित. आत काही नाही.

कारकून खूश. ते पाकीट ईमेलच्या कागदाला टाचणीनं लावायचे आणि नंबर टाकायचे.

*

आता जे सांगते ते मला हसत सांगता येत नाही, पण पुढचं समजायला ते लागेल.

एका वार्षिक सभेत तात्या उभे राहिले आणि चेअरमन साहेबांना विचारलं, पाळीची यादी कॉम्प्युटर काढतो हे खरं, पण कॉम्प्युटरला कोण सांगतं? लोक हसले. व्यासपीठावर मात्र कुणी हसलं नाही.

पुढच्या हंगामात तात्यांची पाळी येईना. आदल्या वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी लावलेला ऊस, खरं तर या डिसेंबरात तुटायला हवा होता. जानेवारी गेला. उसाला तुरे आले. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडत जातो, वजन उतरतं, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यांच्यानंतर लावलेले ऊस तुटून गेले, आणि तात्यांचा तसाच उभा.

ते खिडकीशी आले. "बाई, आज काय म्हनतोय त्यो?"

मी नोंद काढली. लागणीची तारीख नोव्हेंबरातली दिसत होती. ऑगस्टची तारीख मी माझ्या हातानं भरली होती, आणि त्यांना याच खिडकीतून दहा वेळा तरी वाचून दाखवली होती. तरी होय तर होय. जे दिसत होतं ते मी वाचलं.

तात्या ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"त्यो काय म्हनतोय त्ये ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आगुदर तुमी सांगितलेलं हुतं."

गावात मग हेच झालं. बाईच तारखा बदलते. बाजाराच्या दिवशी काष्टीत भाजी घ्यायला गेले तर बायका बोलायच्या थांबायच्या. मी घरी येऊन रडले, हे कबूल करते. खामकरांनी मला हळूच सांगितलं की मी पाचला घरी गेले की ढवळे साहेब अर्धा तास त्या खोलीत दार लावून बसतात. पण एक तर हे सांगणारे खामकर. आणि दुसरं, कागदावरचे मूळ अर्ज ढवळे साहेबांच्याच कपाटात. वेंकटेशचं बटण होतं, पण त्याचा पासवर्ड बेंगळूरला, आणि तो मागवायचा तर पत्रावर ढवळे साहेबांचीच सही लागायची. पुरावा कुठून आणायचा?

*

त्याच फेब्रुवारीत दिल्लीचं पत्र आलं, खऱ्या पाकिटातून. पाठोपाठ परराष्ट्र खात्याचे एक अधिकारी स्वतः आले आणि चेअरमन साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बसवून समजावून सांगायला लागले. मला बोलावलं होतं, कारण पाहुण्यांशी इंग्रजी बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

म्हणाले, अणुचाचण्यांपासून बरेच देश आपल्यावर फुगून बसलेत. बैठका होत नाहीत, जेवणं होत नाहीत. पण कॉम्प्युटर म्हटलं की दार उघडतात. पूर्वी परदेशी पाहुण्याला आम्ही ताजमहाल दाखवायचो, आता बेंगळूर दाखवतो. बेंगळूर हेच आमचं अर्धं खातं झालंय. आता एका देशाच्या वकिलातीतल्या बाई येणार आहेत. त्या अनुकूल बोलल्या तर आपल्या पोरांना तिकडं जायची वाट मोकळी होईल. पण त्यांना एक शंका आहे. त्या म्हणतात, हे सगळं त्या काचेच्या इमारतींपुरतंच दिसतंय. म्हणून त्यांना एक खेडं दाखवायचं, जिथं शेतकऱ्याचं काम कॉम्प्युटरवर चालतं.

चेअरमन साहेबांची छाती फुगली. मला मात्र प्रश्न पडला, एवढ्या देशात आमचाच कारखाना का? तो नंतर सुटला. पाहुण्यांना घेऊन हे अधिकारी पुढं शिर्डीला जाणार होते, त्यांच्या बायकोचा नवस होता, आणि थोडी वाट वाकडी केली की आम्ही त्यांच्या रस्त्यात पडत होतो.

दोन दिवसांनी साध्या कपड्यातला एक पोलीस चौकशीला आला. त्यानं मोडेमकडं बोट दाखवून विचारलं, यातून परदेशात काय काय जातं? मी म्हटलं, परदेशात काही नाही, बेंगळूरला जातं. त्यानं वहीत लिहिलं आणि विचारलं, बेंगळूरहून पुढं कुठं जातं? हे मात्र मला खरंच माहीत नव्हतं. तेवढ्यात खामकरांनी त्याला बूट काढायला लावले. त्याच्या मोज्याला भोक होतं. चौकशी तिथंच संपली.

*

पाहुण्यांच्या दिवशी कारखान्याला आतून-बाहेरून रंग होता. ढवळे साहेबांनी एक शेतकरी तयार ठेवला होता. चेअरमन साहेबांचा दूरचा पाहुणा, पांढरेशुभ्र कपडे, पाठ केलेली चार वाक्यं. बाकीचे शेतकरी अंगणात दोरीच्या पलीकडं उभे. वेंकटेशला खास बेंगळूरहून बोलावलं होतं, टाय लावून.

वकिलातीतल्या बाई उंच, साध्या, आणि माझ्याहून संशयी निघाल्या. त्यांनी तयार शेतकऱ्याची चारही वाक्यं ऐकून घेतली, मान हलवली आणि मला म्हणाल्या, बेंगळूरलाही मला असाच एक माणूस भेटला होता. मग त्या सरळ बाहेर गेल्या, दोरीपाशी थांबल्या आणि ज्यांच्याकडं बोट केलं ते तात्या होते. मी सांगते, मी काही केलं नव्हतं. तात्या तेवढे एकटेच टाळ्या वाजवत नव्हते, एवढंच.

तात्यांना आत आणलं. पाहुण्यांपुढं चपलांचा नियम कुणाला आठवला नाही. ते चपलांसकट आत आले.

बाईंनी विचारलं, तुम्ही ऊस कधी लावला? मी भाषांतर केलं. तात्या म्हणाले, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. मी नोंद उघडली. पडद्यावर नोव्हेंबर. ढवळे साहेब लगेच पुढं झाले आणि म्हणाले, वय झालंय, विसरतात. मी तेही भाषांतर केलं.

इथं वेंकटेशला स्फुरण चढलं. त्याला आमच्या भानगडीतलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की परदेशी पाहुणीसमोर बेंगळूरच्या प्रोग्रामवर शंका आलीय. तो म्हणाला, थांबा, आमच्या प्रोग्राममध्ये काहीच पुसलं जात नाही. त्यानं मला बाजूला केलं, पासवर्ड टाकला आणि ते बटण दाबलं.

जुनी नोंद वर आली. ऑगस्ट, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, भरणाऱ्याच्या जागी माझं नाव. तिच्याखाली बदललेली नोंद. वेळ पाच वाजून वीस मिनिटं. नाव ढवळे.

बाईंना इंग्रजी अक्षरं वाचता येत होतीच. त्यांनी ढवळे साहेबांच्या छातीवरची नावाची पट्टी बघितली, पडदा बघितला, आणि दिल्लीच्या अधिकाऱ्यांकडं वळल्या. अधिकाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. बायकोचा नवस, पोरांची वाट, देशाची अब्रू, सगळं एकदम त्या चेहऱ्यावर आलं.

बाईंनी मग तात्यांनाच विचारलं. म्हणाल्या, तुम्हाला या मशीनबद्दल काय वाटतं?

मी विचारलं. चेअरमन साहेब तात्यांकडं बघत होते, ढवळे साहेब जमिनीकडं. तात्यांना आता काहीही बोलता आलं असतं. तीन महिने ते जे खिडकीत गिळून जात होते ते सगळं. मला वाटलं, बोलतात. बोलावंच.

तात्यांनी घसा साफ केला.

"बाईस्नी सांगा, मशीन लई चांगलं हाय. उद्या सकाळी सा वाजता माजा ऊस तोडायला टोळी येनार, आसं सांगतंय त्ये. बाईंनी बघायला यावं. रस पिऊन शिर्डीला जावं."

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. बाईंना ते फार आवडलं. पण संशयी माणूस तो संशयी माणूस. त्या खुर्चीवरून वाकल्या, पडद्याकडं बघितलं आणि मला विचारलं, हे खरंच यात आहे का?

पडद्यावर असं काही नव्हतं. दोन तारखा होत्या, दोन नावं होती. मला आई आठवली. खडू लागलेली तिची बोटं आठवली.

"येस, मॅडम," मी म्हणाले. "टुमॉरो. सिक्स ओ'क्लॉक."

वेंकटेशनं माझ्याकडं बघितलं. मग पडद्याकडं. मग टाय नीट केला आणि म्हणाला, हो, हे नवीन मॉड्यूल आहे.

दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच टोळी तात्यांच्या बांधावर उभी होती, दोन ट्रॅक्टरसकट. बाईंच्या आग्रहावरून पहिला ऊस ढवळे साहेबांनी तोडला. त्यांना कोयता नीट धरता येत नव्हता. दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी त्याचे फोटो काढले, सगळ्यांनी रस प्यायला, गाड्या शिर्डीकडं गेल्या.

मी बांधावर उभी होते. तात्या एक ऊस सोलत माझ्याकडं आले. कांडं हातात दिलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले,

"बाई, खरं सांगा. टोळीचं त्यात आलेलं हुतं ना?"